पन्हाभर अंतर

आमच्या आणि शोभाताईंच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्या जाईचा वेल त्यांच्या बाजूने चढतो आणि फुलं आमच्या बाजूला पडतात, यावरून पूर्वी थोडी बोलाचाली झाली होती. त्याला तीस वर्षं झाली. आता भिंतीचा उपयोग वाट्या ठेवायला. त्यांची वाटी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, आणि रिकामी परत द्यायची नाही. त्यामुळे कोणती वाटी मुळात कोणाची, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही.

परवा चार वाजता मी मेथांब्याची वाटी घेऊन गेले, तर शोभाताई फुटक्या कुंडीसमोर उभ्या. अडुळसा आडवा, माती सगळीकडे, आणि मातीत एक पांढरा चेंडू.

"तुझा नातू," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"कुंडी आणून देते हो. काय करू या ओंकारला? मित्राच्या वडिलांनी जुनी काठी दिलीय, तेव्हापासून शाळेतून आला की अंगणात ठोकाठोक. वर म्हणतो, मोठा होऊन हेच करणार. प्रोफेशनल गोल्फर! त्याची आई दोन दिवस जेवली नाही."

"काठी नव्हे, क्लब म्हणायचं," शोभाताईंनी चेंडू उचलून पदराने पुसला. "या खळ्या बघ. तीनशेच्या वर असतात. आमचे हे सांगायचे, गुळगुळीत केला तर निम्मासुद्धा उडायचा नाही."

हे मी विसरलेच होते. शोभाताईंचे यजमान सुभेदार. निवृत्तीआधीची काही वर्षं छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखरेख त्यांच्याकडे होती. गवत किती ठेवायचं, पाणी कधी द्यायचं, भोकं कुठे पाडायची. साताऱ्याकडचं शेतकऱ्याचं पोर, पण आपल्या शेतात पाय ठेवायला सवड नाही आणि इथे गवताची निगा. ते गेले, पण शोभाताईंची सवय राहिली. शनिवार-रविवारी रात्री त्यांच्याकडे टीव्ही उशिरापर्यंत चालू असतो तो भजनासाठी नाही.

"मला एकच सांगा," मी म्हटलं, "पोट भरतं का यावर?"

"भरतं की. पण पगार नाही हां. हे आधी पोरीला सांग. क्रिकेटवाल्याला बोर्ड पैसे देतं, हॉटेल देतं. इथे तिकीट तुझं, हॉटेल तुझं, बॅग उचलणाऱ्या कॅडीला आठवड्याचे पैसे तू द्यायचे आणि बक्षीस मिळालं तर त्यातलाही वाटा. जिंकलास तर रिवाज असा की दहावा हिस्सा त्याचा."

"आणि नाही मिळालं बक्षीस तर?"

"तर गुरुवार-शुक्रवार खेळायचं आणि शुक्रवारी रात्री बोचकं बांधायचं. कट म्हणतात त्याला. सामना चार दिवसांचा, पण दोन दिवसांनी चाळणी लावतात. अमेरिकेच्या टूरवर वरचे पासष्ट आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे शनिवारी खेळणार. सहासष्टावा आला तो एका फटक्याने का असेना, घरी. हातात दमडी नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ओंकारची आई आली. पुन्हा दोन दिवस जेवायची नाही.

"पण सगळ्यांचंच असं होतं," शोभाताई भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. त्यांनी कोपर टेकलं की चहा थंड होणार हे मला कळतं. "आता आपला लाहिरी घे."

"कोण लाहिरी? बंगाली का?"

"नाव बंगाली. जन्म पुण्याचा. १९८७ चा जून. म्हणजे आपलाच." शोभाताईंच्या हिशेबात पुण्यात जन्मला की तो पुणेकर, मग त्याने पुण्यात दुपारची झोप काढली असो वा नसो. मी वाद घातला नाही. "अनिर्बान नाव. वडील लष्करात डॉक्टर, त्यामुळे या छावणीतून त्या छावणीत. सगळीकडे मैदान असतंच. वडिलांनीच आठव्या वर्षी हातात क्लब दिला. हे डॉक्टर आमच्या ह्यांना कधी भेटले नाहीत, पण भेटले असते तर जमलं असतं."

"मग काय जिंकला?"

शोभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नात कोणी आहेर किती आला विचारावं.

"जिंकला. नाही असं नाही. २००७ मध्ये प्रोफेशनल झाला, २०११ ला दिल्लीत पॅनासॉनिक ओपन मारली. इंडोनेशिया झालं, मकाव झालं. २०१५ चा फेब्रुवारी तर विचारू नकोस. पंधरा दिवसांत दोन. आधी मलेशियन ओपन, मग दिल्लीत इंडियन ओपन. दोन्ही युरोपच्या टूरच्या. आणि त्या इंडियन ओपनला शेवटच्या दिवशी निघाला तेव्हा सात फटके मागे होता, सात! पुढे कोण, तर चौरसिया."

"हा कोण आता?"

"एसएसपी चौरसिया. शिवशंकर प्रसाद. कलकत्त्याचा." इथे शोभाताईंचा आवाज बदलला. "त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाचं गवत राखायचे. आपल्या ह्यांचंच काम गं. तो क्लब १८२९ चा. इंग्रजांनी आपल्या बेटांबाहेर काढलेला सगळ्यात जुना. तिथल्या माळ्याचं पोर, बघून बघून शिकलं. अंगकाठी एवढीशी, लांब मारता येत नाही. पण हिरवळीजवळ आला की चेंडू त्याचं ऐकतो. २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला तेव्हा आमच्या ह्यांनी मैदानावरच्या सगळ्या माळ्यांना जिलबी वाटली. पगाराच्या पैशातून. मी बोलले त्यांना तेव्हा."

"आणि तो सात फटके पुढे?"

"पुढे होता, पण नंतर गडबडला बिचारा. आपल्या नॅशनल ओपनमध्ये तीनदा दुसरा आला होता, चौथ्यांदाही तेच. बरोबरी झाली, प्लेऑफ झाला आणि लाहिरी जिंकला. मी त्या दिवशी कोणाच्या बाजूने होते विचार."

"कोणाच्या?"

"दोघांच्या. म्हणून जेवण गेलं नाही." मग त्या एकदम खुलल्या. "पण देवाला असतात डोळे. पुढच्या वर्षी चौरसिया जिंकला आणि लाहिरी दुसरा! आणि २०१७ ला पुन्हा चौरसियाच. तेव्हा तर सात फटक्यांनी. फिट्टंफाट."

वरच्या मजल्यावरून आमच्या ह्यांनी हाक मारली, चहाचं काय म्हणून. मी आधण ठेवल्याचं सांगितलं. ठेवलं नव्हतं.

"तर लाहिरी २०१५ ला कुठे होता बघ," शोभाताई पुढे सरसावल्या. "आशियाच्या टूरवर कमाईत पहिला. अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिपला पाचवा. मोठ्या चार स्पर्धा असतात ना, त्यात एवढ्या वर आपला कोणी तोवर गेलाच नव्हता. त्याच आठवड्यात सगळ्यात लांब कोण मारतो याची स्पर्धा होती, तीही याने जिंकली. तीनशे सत्तावीस यार्ड. इथून मारला तर गिरणीच्या पलीकडे, देवळाच्या पायरीवर."

"म्हणजे कुंडी फुटली ते पुष्कळ जवळच म्हणायचं."

शोभाताईंनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

"आणि मग ऑक्टोबरात कोरियाला प्रेसिडेंट्स कप. अमेरिका एका बाजूला, युरोप सोडून उरलेलं जग दुसऱ्या बाजूला. त्यात खेळणारा पहिला भारतीय हा. शेवटच्या दिवशी एकास एक कुस्ती. याच्यासमोर ख्रिस कर्क. अठराव्या होलवर दोघं बरोबरीत. कर्कचा चेंडू लांब, पंधराएक फुटांवर. याचा चार फुटांवर. म्हणजे हा जिंकल्यातच जमा. कर्कने मारला, आणि गेला की आत! आता याला फक्त चार फूट."

"चार फूट म्हणजे केवढं हो?"

शोभाताईंनी पदर ओढून दोन काठांमध्ये ताणून धरला. "हा पन्हा. एवढंच. साडीच्या पन्ह्याएवढं अंतर. मी तुला सांगते, ओंकार मारेल, तू मारशील, डोळे मिटून मारशील."

"मग?"

"कडेला लागून बाहेर."

आम्ही दोघी थोडा वेळ त्या पन्ह्याकडे पाहत राहिलो. निळी सुती साडी, काठ जरा विरलेला.

"अमेरिका साडेपंधरा, बाकीचे साडेचौदा. याचा गेला असता तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पंधरा-पंधरा. मी हिशेब केलाय. मला माहीत आहे, अशा शिकस्तीच्या दिवशी अजून दहा जणांचे दहा चुकलेले असतात. पण शेवटी लोकांच्या लक्षात राहतो तो एकच. रडला पोरगा. हे टीव्हीसमोरून उठून गेले. म्हणाले, हिरवळ कापायला हवी होती अजून."

मला खरं तर हसू आलं होतं, पण आवरलं. माणसं दुःखाला स्वतःच्या धंद्यातलं कारण शोधतात.

"मग खचला असेल."

"खचला कसला. हाच तर त्याचा धंदा. विपश्यना करतो तो, माहीत आहे? इगतपुरीला असते ना, ती. डोळे मिटून श्वास बघायचा. तो स्वतःच सांगतो."

"तुम्ही गेला होतात की इगतपुरीला."

"गेले होते. दहा दिवस मौन. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या बाईला खुणा करायला लागले. चौथ्या दिवशी तिचं माहेर कुठलं ते कळलं." शोभाताईंना याची लाज नाही, उलट अभिमान आहे. "ते आपलं काम नव्हे. पण त्याच्या खेळात निम्मा वेळ नुसतं चालायचंच असतं. पाच तासांत चेंडू मारायला लागतात काही मिनिटं. बाकीच्या वेळात मागचा फटका डोक्यात घोळतो. तो घोळवायचा नाही, हेच शिक्षण."

मला हे पटलं. मी बत्तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. मुलं गणितात चुकत नाहीत, मागच्या गणितात चुकलो हे आठवून पुढच्यात चुकतात.

"मग अमेरिकेला गेला," शोभाताई म्हणाल्या, "मोठ्या टूरवर. तिथे सात वर्षं. किती जिंकला असेल सांग."

"पाच?"

"एकही नाही."

"सात वर्षांत एकही नाही? आणि तुम्ही म्हणता पोट भरतं?"

"तेच तर सांगतेय, ऐक ना! २०१७ ला मेमोरियलला दुसरा. मग घसरत घसरत २०२२ च्या मार्चमध्ये जगात तीनशे बाविसावा. तीनशे बावीस! आपल्या सोसायटीच्या मतदारयादीत तरी तेवढी माणसं आहेत का? आणि तिथून फ्लोरिडात प्लेअर्स चॅम्पियनशिप. पाऊस, वारा, सामना सोमवारपर्यंत लांबला. हा पुढे. जगातले सगळे मोठे मागे आणि आपला पुण्याचा पुढे. शेवटी ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ एका फटक्याने जिंकला. याला शेवटच्या होलवर हिरवळीबाहेरून एक आत टाकायचा होता, की बरोबरी. थोडक्यात हुकला. दुसरा आला. किती मिळाले सांग."

"नका सांगू, मला चक्कर येईल."

"एकवीस लाख ऐंशी हजार डॉलर. त्या वेळचे साडेसोळा कोटींच्या आसपास."

मी भिंत धरली. आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बँकेत काढली, दोन बढत्या नाकारल्या बदली नको म्हणून. शेवटच्या दिवशी मिळालेला आकडा मी इथे लिहीत नाही. पण हरून साडेसोळा कोटी, हे गणित चौथीच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

"हरून?"

"दुसरा येऊन. हरलेले बाकीचे शे-दीडशे. तू अजून शाळेतल्या शर्यतीचा विचार करतेस. पहिला आला त्याला पेन, बाकीच्यांना टाळ्या. इथे पहिल्यापासून खालपर्यंत पायऱ्या असतात. बाईच्या जन्माला आलेली प्रत्येक जण पहिली येत नाही, पण संसार चालतोच ना? वर्षातले बरेच आठवडे हरायचं, आणि दोन-तीन आठवडे असे यायचे. तो आठवडा कोणता, हे आधी कोणी सांगत नाही. एवढीच अडचण."

एवढीच. मी मनात म्हटलं, आमच्या जावयाला हे कसं सांगायचं? तो दर महिन्याच्या सात तारखेला हप्ते भरतो.

"आणि मग तो पंगत सोडून उठला," शोभाताईंनी आवाज खाली आणला. खरी गोष्ट आता येणार हे मी ओळखलं. "सौदी लोकांनी नवी टूर काढली. एलआयव्ही. लिव्ह म्हणतात."

"एल म्हणजे पन्नास, आय-व्ही म्हणजे चार," मी म्हटलं. सवय जात नाही.

"बरोब्बर! चोपन्न. कारण २०२५ पर्यंत तिथे चोपन्नच होल खेळायचे. तीन दिवस. इतर ठिकाणी चार दिवस बहात्तर. आणि मुख्य म्हणजे कट नाही. कोणाला घरी पाठवत नाहीत. सुरू झाली तेव्हा अठ्ठेचाळीस जण, आणि अठ्ठेचाळिसावा आला त्यालाही एक लाख वीस हजार डॉलर."

"शेवटच्याला?"

"शेवटच्याला. मग जाणार नाही तर काय! अमेरिकेच्या टूरने सांगितलं, तिकडे गेलात तर इकडे पान वाढणार नाही. तरी गेले. याने २०२२ च्या सप्टेंबरात, बोस्टनजवळ, पहिलाच सामना. तिघं बरोबरीत. डस्टिन जॉन्सनने प्लेऑफमध्ये इथून त्या नारळापर्यंत अंतरावरून आत घातला. हा पुन्हा दुसरा. अठरा लाख डॉलरच्या वर." शोभाताईंनी थांबून मोजलं. "मग २०२३ ला बेडमिन्स्टर, दुसरा. तिथेही जिंकला कोण? तोच कॅमेरॉन स्मिथ. मग शिकागो, दुसरा, एका फटक्याने. जिंकला कोण? डिशाँबो, याच्याच संघाचा कप्तान! म्हणजे घरातलाच वैरी. २०२४ ला स्पेनमध्ये वाल्डेरामाला सर्जिओ गार्सियाशी प्लेऑफ. तिथेही दुसरा."

"अहो, मग हा नेहमी दुसराच."

"दुसराच. माझ्या धाकट्या दिरासारखा. सगळीकडे दुसरा आला आणि सगळ्यांत जास्त त्यानेच जमवलं."

मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "पण मला नाही पटलं ते. मी स्पष्ट सांगते. ज्या पंगतीत कोणालाच उठवत नाहीत, तिथे जेवणाला चव काय? आणि भोगलंही त्याने. तिथल्या सामन्यांना जागतिक क्रमवारीचे गुण नव्हते. ऑलिंपिकची निवड त्या क्रमवारीवर. रिओला गेला होता, टोकियोला गेला होता. २०२४ ला पॅरिसला गेले शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर. हा घरी."

"साडेसोळा कोटी असतील तर मीही घरी बसेन."

"तू बसशील. तुला चार फुटांवरून चुकल्याचं माहीत नाही."

यावर काय बोलावं? मी पटकन विषय हलवला आणि टोकियोत आपलं मराठी कोणी नव्हतं का, विचारलं. शोभाताईंना तेवढंच हवं होतं. उदयन माने, पुण्याचा, खराखुरा. त्याचं नाव आधी वेटिंगलाच होतं. जागा साठ, आणि हा बाहेर. मग अर्जेंटिनाच्या ग्रिलोने येत नाही म्हणून कळवलं आणि याचं तिकीट कन्फर्म. "दादर स्टेशनवर उभं राहून चार्ट लागावा तसं," शोभाताई म्हणाल्या. त्याच ऑलिंपिकात अदिती अशोक चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं, आणि तिची बॅग आईने उचलली होती. ती गोष्ट सांगताना त्यांनी दोनदा आमच्या घराकडे पाहिलं.

"ओंकारच्या आईने बॅग उचलायची म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. मी कशाला म्हणू! पोरगा दहावी होऊ दे, बारावी होऊ दे. पण काठी काढून घेऊ नका त्याची. कुंडीचं राहू दे, तीस रुपयांची आहे."

एवढ्यात ओंकारच आला, शाळेचा गणवेश, एक मोजा खाली. कुंडी बघून परत फिरणार होता, शोभाताईंनी थांबवलं. "इकडे ये. आण तुझी काठी." क्लब म्हणायचं, हे त्या स्वतःच विसरल्या.

मेथांब्याची वाटी त्यांनी आत नेऊन दुसऱ्या भांड्यात उलटवली, धुऊन आणली आणि फरशीवर आडवी ठेवली. मग पदर सोडून, त्याचा एक काठ वाटीला लावून, पन्हा ताणला आणि दुसऱ्या काठाशी चेंडू ठेवला. गुडघे दुखतात म्हणून एरवी देवापुढेही खुर्चीवर बसणाऱ्या बाई दोन्ही पाय फाकून वाकल्या. ओंकार म्हणाला, आजी, खांदे हलवायचे, मनगट नाही. त्या म्हणाल्या, मला शिकवतो का!

पहिला अर्ध्यात थांबला. दुसरा वाटीला वळसा घालून मेंदीत गेला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं, यांना पाठीत उसण भरली.

चेंडू सरळ गेला, वाटीत ठण्णकन वाजला, आतल्या आत एकदा फिरला आणि बाहेर येऊन काठाशी थांबला.

"गेला होता," ओंकार म्हणाला.

"गेला होता ना?" शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू पाहिलंस. वसू, तू पाहिलंस की नाही?"

वरून पुन्हा चहाची हाक आली. मी पाहिलं म्हटलं.